हात सुटत नाहीत

सोलापूर, ता. २६ नोव्हेंबर १९३४

तीर्थरूप मामांच्या पायांवर डोकं ठेवून, आणि काम सांगायचं आहे म्हणून ते डोकं जरा वर उचलून, सून फुला लिहिते की —

सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायचं नसतं, हे मला कळतं. पण तुमचे चिरंजीव लिहीत नाहीत, कारण त्यांना लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी लिहिलं नसतं. तुम्ही बोलत नाही, कारण गाव सोडताना तुम्ही त्यांना म्हणालात, "मिलमदी निगालास तर बाप मेला समज." बाप-लेकांनी दोघांनीही तोंडं शिवून घेतली. मग माझ्या बापानं अक्कलकोटच्या शाळेत मला चार बुकं शिकवली ती काय चुलीत घालायची? शिवशरणभाऊ दुकान सोडून तुम्हाला हे वाचून दाखवतीलच. शिवशरणभाऊ, मोठ्यानं वाचा, म्हणजे चुलीपाशी आत्याबाईंनाही ऐकू जाईल.

तर ऐका. तुमचे चिरंजीव मिलमध्ये दिवसभर कापडाच्या गाठी उचलतात आणि सुटी झाली की पुन्हा उचलायलाच जातात. आमच्या चाळीमागं तालीम आहे. तिथं धोंडप्पा म्हणून एक मास्तर आहेत. रेल्वेत फिटर, आणि बोलणं निम्मं कानडी. मुंबईला नोकरीत असताना ते गोऱ्या सोजिरांकडून वजन उचलायची नवी रीत शिकून आले. एक जाड लोखंडी दांडी, तिच्या दोन्ही टोकांना जात्याच्या तळीएवढ्या चकत्या. तिला बार म्हणतात. बार जमिनीवरून एका दमात खांद्यावर घ्यायचा आणि तिथून डोक्याच्या वर न्यायचा, एवढाच खेळ. तालमीच्या वस्तादांनी लोखंड मातीत नको म्हणून बाराला आत घेतलं नाही. तो बाहेर लिंबाखाली असतो, बरोबर नळासमोर. त्यामुळं मला सगळं दिसतं. पाणी भरायला गेलेल्या बाईनं डोळे मिटून घागर भरायची का?

तुमचा लेक गोटा उचलणारा. बिरोबाच्या जत्रेत देवळापुढचा गोटा उचलायचा मान आपल्या घराचा, हे मी लग्न ठरलं तेव्हापासून ऐकते आहे. गोटा मांडीवर घ्यायचा, मांडीवरून पोटावर, आणि कवटाळत कवटाळत छातीशी. यांनी बारालाही तेच केलं. पण बार काही गळ्यात पडत नाही. तो पोटाला घासत वर येतो आणि धाडकन गळ्याखाली आदळतो. छातीवर काळेनिळे वळ उठले आहेत. मी रोज हळद लावते आणि ते रोज म्हणतात, "काय न्हाय, मुंगी चावली."

हे झालं सोसण्यासारखं. ज्यासाठी हे पत्र लिहिते ती गोष्ट वेगळी आहे. बार हातचा गेला तर तो खाली टाकून मागं सरायचं असतं. ते आलं नाही तर मान मोडू शकते, असं मास्तर म्हणतात. तुमचे चिरंजीव टाकत नाहीत. गोटा टाकायचा नसतो, हातानं ठेवायचा असतो. टाकला तर देवाचा अपमान होतो आणि मेंढरांवर रोग येतो, हे तुम्हीच त्यांना शिकवलं. मास्तर बोंबलतात, "बिडो! बिडो रे कुंडलिका!" बिडो म्हणजे कानडीत सोड. मी घरी येऊन अर्थ सांगितला, तर म्हणाले, "ठावं हाय. पर हात सुटत न्हाईत, त्याला काय करू?" ते बाराबरोबर वाकतात, कंबर मोडेपर्यंत वाकतात आणि देवापुढं नारळ ठेवावा तसा तो खाली ठेवतात. परवा पाठीत अशी कळ आली की रात्रभर कूस बदलता आली नाही.

मामा, मानकरी तुम्ही. तुमचा शब्द त्यांना अजून देवाचा वाटतो, बोलत नसले तरी. तुम्ही एवढाच निरोप धाडा, की लोखंडाला देव नसतो, टाक. बाकी भांडण तुमचं तुम्ही सावकाश चालवा, मी मध्ये पडणार नाही.

आपली सून,
फुला

सोलापूर, ता. १८ डिसेंबर १९३४

तीर्थरूप मामांना नमस्कार.

शिवशरणभाऊंचं कार्ड पोचलं. त्यांनी तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं आहे: "दसऱ्याला लोकंड पुजता न्हवं? मग त्यात देव न्हाय म्हणून सांगणारी तू कोण?"

हात जोडले, मामा! चार बुकं शिकून मी तोंडघशी पडले. मास्तर खरंच दसऱ्याला बाराला झेंडूची माळ घालतात. मी जाऊन त्यांना विचारलं, तर हसून म्हणाले, "पूजा एक दिवस, मग वरीसभर आपटायचं. देवालाबी सवय झाली की." हे मी तुम्हाला पटावं म्हणून लिहीत नाही. तुम्हाला पटणार नाही, हे मला ठाऊक आहे.

पण एक चांगली बातमी आहे, ती ऐका. कार्डात तुम्ही रागावलात, पण पाठीला काय लावतात असंही शेवटी विचारलंत. म्हणजे ऐकता आहात.

मास्तर यांना सांगून सांगून थकले होते: "बार वर वढू नको. वढून हलका झाला की त्याच्या खाली जा." एक पाय पुढं, एक मागं, गुडघे वाकवून पटकन खाली, कोपरं पुढं काढायची आणि बार खांद्यावर झेलायचा. मग उठायचं. हे म्हणायचे, "खाली? गुडगा वाकला म्हंजे हरला. कुस्तीत बी आन गोट्यात बी." मास्तर म्हणायचे, "वाकला चालतं. टेकला की बाद." वाकणं आणि टेकणं यात फरक आहे, हे यांच्या डोक्यात शिरेना. तुमचाच लेक.

एके दिवशी मी नळावर होते. यांनी बार पुन्हा छातीवर आपटून घेतला आणि मला चीड आली. माझ्याबरोबर शेजारची नागव्वा होती. मी म्हटलं, "नागव्वा, जरा बाजूला हो." भरलेली तांब्याची घागर उचलून मांडीवर घेतली, मांडीचा झटका दिला, खाली बसले, डोकं तिच्याखाली घातलं आणि उठून उभी राहिले. सगळे पुरुष बघत होते. यांना म्हटलं, "घागर माझ्या डोक्यावर चढली, का मी घागरीखाली गेले?"

यांनी घागरीकडं बघितलं, मग बाराकडं.

"बायका रोज गुडघा वाकवतात," मी म्हटलं. "एकीला तरी हरलेली बघितलीत का?"

नागव्वा तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिची घागर कलंडली. मास्तर कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "मी सहा महिनं बोंबलतोय. ह्या बाईला आदी का आनलं न्हाईस?" हे लाजून लाल झाले. जेवताना म्हणाले, "लई शानी हायस." बस्स, एवढंच.

पण दुसऱ्या दिवशी माझं मुसळ नाहीसं झालं. बघते तर हे स्वयंपाकाच्या कोपऱ्यात मुसळ धरून उभे. मुसळ मांडीपासून वर आणतात, पाय मागं-पुढं फेकतात आणि धप्पकन खाली बसतात. मागच्या पायानं माझी उतरंड पाडली. दोन गाडगी फुटली, डाळ सांडली, आणि हे म्हणतात कसे, "कोपरं पुढं आली का बग." मी डाळ गोळा करायची का कोपरं बघायची?

मामा, आता त्यांची कोपरं पुढं येतात. हलका बार खांद्यावर अलगद येऊन बसतो, आवाजही होत नाही. मी नळावरून बघते आणि मला आनंद होतो, खोटं कशाला बोलू? ज्या दिवशी पहिल्यांदा जमलं, त्या दिवशी ते उठले आणि बार घेऊन तसेच उभे राहिले. काय करावं ते त्यांना कळेना.

आता उरली ती एकच गोष्ट, टाकायची. मास्तरांनी स्पष्ट सांगितलं आहे, टाकायला येत नाही तोवर मोठं वजन नाही आणि इथं संक्रांतीला भरते त्या गड्ड्याच्या जत्रेतला बार उचलण्याचा सामनाही नाही. संक्रांत जवळ आली आहे. पुन्हा विचारते. निरोप धाडता का?

फुला

सोलापूर, ता. ८ जानेवारी १९३५

मामा,

आज नमस्कार नंतर. शिवशरणभाऊ, यातलं काही गाळू नका. गाळलंत तर मला कळेल, आणि तुमच्या दुकानातल्या मापाबद्दल मला जे ठाऊक आहे ते मी पुढच्या पत्रात लिहीन.

तुमचा निरोप आला: "आमच्या घरात टाकत न्हाईत." मी तो यांना वाचून दाखवला. दाखवायला नको होता, पण त्यांनी शप्पथ घातली. ऐकून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर हाय आण्णांचं." आणि परवा मास्तर कामावर असताना त्यांनी दोन्ही बाजूंना एकेक मोठी चकती चढवली. सामना जवळ आला होता ना.

बार वर आला. हे खाली गेले. एक कोपर पुढं आलं, दुसरं मागं राहिलं आणि गुडघ्यावर आदळलं. मनगट उलटं वळलं. तिथं टाकायचं होतं, मामा. मी नळावर होते, मी ओरडले, "सोडा! अहो सोडा!" हे माझ्याकडं बघत होते आणि बार सोडत नव्हते. बारासकट मागं पडले. चकत्या मोठ्या आहेत म्हणून दांडी त्यांच्या गळ्याच्या चार बोटं वर अडकून राहिली. चकत्या लहान असत्या तर हे पत्र शिवशरणभाऊंना वेगळ्या आवाजात वाचावं लागलं असतं.

हाडवैद्य आले होते. हाड मोडलेलं नाही, शिरा ताणल्या आहेत. मनगट दुधीएवढं सुजलं आहे. मिलमध्ये रजा टाकली. सामना गेला. मी सारखी रडते आहे आणि हे मलाच समजावतात, "आगं, हात सुटत न्हाईत. मी काय मुद्दाम करतोय व्हय?" ते मुद्दाम करत नाहीत, हेच तर दुखतं. लहानपणापासून तुम्ही ते हात मिटले आहेत. ते मला उघडता येत नाहीत, मास्तरांना येत नाहीत आणि त्यांचे त्यांनाही येत नाहीत.

तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. लग्नात अक्षता टाकताना मी बघितली आणि आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, एका जत्रेत तुमचा पाय घसरला, तरी तुम्ही गोटा टाकला नाही. हात खाली घालून ठेवला आणि बोटं चेंगरली. गावानं तुमच्यावर गुलाल उधळला. आणि आत्याबाई पुढं काय म्हणाल्या ते तुम्हाला ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "त्या दिशी मी बिरोबाला लई शिव्या दिल्या."

तुमची बोटं गेली, तुम्ही सोसलंत, तुमचा मान राहिला. यांची मान गेली तर काय राहील? मला तुमच्या घराचा मान नको. मला नवरा धडधाकट हवा. गोटा मोठा का पोरगा मोठा, हे ठरवायला कार्ड कशाला लागतं?

उद्धट झाले असेन. रागवायचं असेल तर इथं येऊन रागवा.

नमस्कार.
फुला

सोलापूर, ता. २४ फेब्रुवारी १९३५

तीर्थरूप आत्याबाईंना फुलाचे अनेक नमस्कार.

यावेळी पत्र तुम्हाला, कारण ज्यांना लिहायचे ते आमच्याच ओट्यावर बसून तंबाखू मळत आहेत. मामा सुखरूप आहेत, पोटभर जेवतात आणि इथल्या पाण्याला नावं ठेवतात. ते घरून काय सांगून निघाले मला ठाऊक नाही. आम्हाला सांगितलं, "घोंगड्या इकायला आलोय. मंगळवारचा बाजार हाय न्हवं?" आले शुक्रवारी.

आल्यावर उंबऱ्याच्या बाहेरच बसले. लेकाकडं बघितलं नाही. मला म्हणाले, "इचार त्याला, मनगट कसं हाय." हे आत चार हातांवर बसलेले. मला म्हणाले, "सांग त्यांना, बरं हाय." मी भाकरी थापत होते. म्हटलं, "मी भाकरी थापू का टपाल वाटू?" कुणी हसलं नाही. पण मामांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लिंबाखाली गेलो. यांचं मनगट आता बरं आहे. मास्तरांनी हलका बार दिला होता. हे खाली जातात, झेलतात, उठतात, आणि मग कंबर वाकवून हळूच ठेवतात. मामा लिंबाला टेकून बघत होते. बराच वेळ बघत होते. मग मास्तरांना म्हणाले, "गोट्याएवडं लाव."

मास्तर म्हणाले, "कोन उचलनार?"

मामांनी फेटा सोडून माझ्या हातात दिला.

आत्याबाई, मी तो फेटा छातीशी धरला. मास्तर पुढं सरसावले, तर मामा म्हणाले, "सर की बाजूला." वाकले आणि त्या बोटांनी दांडी धरली. झेलणं नाही, खाली जाणं नाही, आपली जुनी रीत. मांडीवर घेतला, पोटावर घेतला, सदरा फाटला, आणि कण्हत कण्हत छातीशी आणला. या वयात! नळावरच्या बायका घागरी खाली ठेवून उभ्या राहिल्या. हे धावत पुढं गेले आणि हात पुढं करून म्हणाले, "आण्णा, द्या हिकडं. मी ठिवतो."

मामांनी यांच्या डोळ्यात बघितलं. आणि हात उघडले.

बार पडला. जमीन हादरली. लिंबावरचे कावळे उडाले. मामा एक पाऊल मागं सरून उभे होते, हात तसेच उघडे. मग ते बोलले, आणि माझ्याकडं बघून नाही, लेकाकडं बघून बोलले.

"माज्या बापानं टाकलं न्हाय. आज्यानं टाकलं न्हाय. मी टाकलं. बग कुंडलिक, आबाळ पडलं का?"

यांनी मान वर करून आभाळाकडं बघितलं.

"न्हाय पडलं," मामा म्हणाले. "बिरोबाला काय सांगायचं ते मी सांगतो. माजं आन त्याचं जुनं हाय. तू टाक."

आत्याबाई, मी तिथंच फेट्यात तोंड खुपसून रडले. फेटा मी धुऊन दिला आहे. यांनी डोळे पुसले, बार घेतला, मांडीपर्यंत उचलला आणि सोडला. पुन्हा उचलला आणि सोडला. मग खांद्यावरून सोडला. दर वेळी मामांकडं बघायचे आणि मामा म्हणायचे, "व्हय, टाक." मास्तर अखेर वैतागून म्हणाले, "अरे, आता उचलायचंबी बघ की!" तेव्हा दोघं बाप-लेक हसले. एकदम हसले. त्यांचं हसणं सारखं आहे, हे मला इतक्या दिवसांत कळलंच नव्हतं.

घोंगड्या अजून तशाच आहेत. मंगळवार येऊन गेला, मामांना बाजाराची आठवण झाली नाही. ते रोज लिंबाखाली जातात. मास्तरांपेक्षा जास्त ओरडतात. यांचा तोल जरा कुठं गेला की चाळभर ऐकू जातं, "टाक! टाक की रं, टाक!" नागव्वा म्हणते, तुझा सासरा मिलच्या भोंग्यासारखा आहे, त्याच्यावर वेळ समजते. मेंढरं शिवशरणभाऊंच्या भावाकडं सोपवली आहेत ना? त्यांना म्हणावं, आणखी थोडे दिवस.

इथवर काल लिहून ठेवलं होतं. पत्र पेटीत पडायचं राहिलं ते बरं झालं, कारण आजचं सांगायचं राहिलं असतं.

आज मास्तरांनी यांना तेच वजन दिलं, ज्याच्यासकट ते पडले होते. मला नळावर जायचं नव्हतं, पण गेले. यांनी हातांना माती लावली. बार वर ओढला, पाय मागं-पुढं गेले, आणि हे त्याच्याखाली गेले, इतके खाली की मागचा गुडघा जमिनीपासून दोन बोटं वर. बार खांद्यावर बसला, पण पुढचा पाय हलला आणि सगळं अंग डगमगलं. मी डोळे मिटले. मामा जिवाच्या आकांतानं ओरडले, "टाक! कुंडलिक, टाक!"

काहीच वाजलं नाही.

डोळे उघडले तर हे तिथंच होते, बाराखाली. कोपरं पुढं, दात आवळलेले, तोंड लालबुंद. मामा अजून ओरडत होते. हे हळूहळू वर येत होते. आधी पुढचा पाय मागं घेतला, मग मागचा पुढं आणला, आणि ताठ उभे राहिले. मग धापा टाकत बापाकडं बघून म्हणाले,

"आण्णा, आता कशाला टाकू? घावलाय की."

तुमची सून,
फुला